चौदा नोव्हेंबरचं पान

१

२३ जानेवारी १९८७ ला सकाळी सव्वादहा वाजता माझ्या बायकोला काउंटी हॉलच्या सभागृहाच्या दारात अडवलं.

एनिड चाकांच्या खुर्चीत होती आणि मी खुर्ची ढकलत होतो. चौदा वर्षं ती कौन्सिलर म्हणून त्या दारातून आत जात होती. त्या दिवशी समित्यांचा कारकून रेजिनल्ड स्वेन दारात आडवा उभा राहिला. त्याच्या हातात पत्राचं पाकीट होतं.

"मिसेस टेबट, माफ करा. तुम्हाला आत जाता येणार नाही."

"का? आग लागलीय का आत?" एनिडनं विचारलं.

"तुमची जागा रिकामी झालीय. नऊ जानेवारीपासून."

नियम आम्हाला दोघांनाही ठाऊक होता. सदस्य सलग सहा महिने एकाही सभेला आला नाही, तर त्याचं सदस्यत्व आपोआप जातं. त्यासाठी मतदान लागत नाही की कुणाचा हुकूम लागत नाही. एनिडची शेवटची हजेरी नऊ जुलैची आहे, असं पत्रात लिहिलं होतं.

"चौदा नोव्हेंबर," एनिड म्हणाली. "वृद्धगृहांची उपसमिती. मी आले होते. बोललेसुद्धा."

स्वेननं मागे पाहिलं. मागे त्या उपसमितीच्या अध्यक्ष डॅफ्नी ऑर्मरॉड उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि एनिडसमोर वाकल्या.

"एनिड, तू इमारतीत आली होतीस. सभेत नाही आलीस. चहाच्या खोलीत बसून राहिलीस आणि तिथून निघताना तुला चक्कर आली. वहीत तुझी सही नाही गं. ही औषधं फार जड असतात. माझ्या आईचंही असंच व्हायचं."

त्यांच्यामागे लायनेल स्पार्क उभा होता. वीस वर्षं आमच्या आणि त्याच्या घरांमध्ये एक कुंपण, आणि एनिडचा आणि त्याचा पक्षही एकच. एनिडनं त्याच्याकडे पाहिलं.

"लायनेल, सांग की यांना."

लायनेल आपल्या बुटांकडे पाहत राहिला. "मी काय सांगणार, एनिड."

मग तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

चौदा नोव्हेंबरला तिला तिथे गाडीनं मीच नेलं होतं. पण मी बाहेर गाडीत बसून होतो. आत काय झालं ते मी पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "चल, घरी जाऊ. थंडी फार आहे."

त्या दिवशी सभागृहात ब्रुक हाउस बंद करण्याच्या ठरावावर मतं पडली. चौतीस बाजूनं आणि चौतीस विरोधात. कौन्सिलच्या अध्यक्षांनी आपलं निर्णायक मत ठरावाच्या बाजूनं टाकलं. एनिड आत असती तर विरोधात पस्तीस झाली असती.

१२ फेब्रुवारीला ती गेली. शेवटपर्यंत एकच सांगत होती. "मी गेले होते, हॅरी." मी दर वेळी "हो" म्हणायचो. आजारी माणसाला म्हणतात तसं.

२

ब्रुक हाउस हे काउंटीनं चालवलेलं वृद्धांचं घर. तिथे सव्वीस माणसं राहत होती आणि त्यांतला एक होता जेसी रड. मी काउंटीच्या रस्ते खात्यात एकतीस वर्षं काढली. पहिली बारा जेसीच्या हाताखाली. दर गुरुवारी आम्ही डॉमिनो खेळायचो.

एनिडच्या दफनानंतरच्या गुरुवारी गेलो तर जेसीची पेटी पलंगावर उघडी होती. ३१ मार्चला सगळ्यांना तीस मैलांवर अॅशकोम्बला हलवणार होते.

"आत्तापासून काय भरतोयस?" मी विचारलं.

"भरत नाहीये. काय काय टाकून द्यायचं ते बघतोय." त्यानं सोंगट्या मांडल्या. "पोरा, मला तिथे नेलं की माझं संपलं समज. इथे मला रात्रपाळीच्या बाईचं पाऊल ओळखू येतं. ब्याण्णवाव्या वर्षी नवीन पावलं शिकायची होय?"

दुसऱ्या दिवशी एनिडची कागदांची पिशवी घेऊन मी काउंटीच्या दफ्तरखान्यात गेलो. जुने कौन्सिलर गेले की त्यांचे कागद तिथे देतात. दफ्तरखाना काउंटी हॉलच्या तळघरात आहे आणि तो हेस्टर प्राउज सांभाळायच्या. वय पन्नाशीच्या पुढे, अंगात कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर, कानामागे पेन्सिल. त्यांच्या खोलीत पेन आणायला बंदी होती.

"शेवटच्या महिन्यांत काही नाही सापडणार," मी म्हणालो. "ती येतच नव्हती. तिला वाटायचं की आपण आलो."

"असं कोण म्हणतं?"

"सगळेच. वहीच म्हणते."

मिस प्राउजनी पिशवीतून एकेक कागद काढला. एका कागदावर त्या थांबल्या. चौदा नोव्हेंबरच्या उपसमितीची विषयपत्रिका होती ती.

"मिस्टर टेबट, तुमच्या बायकोला विषय संपला की पेन्सिलीनं बरोबरची खूण करायची सवय होती?"

"कायमची. बाजाराच्या यादीवरसुद्धा करायची."

त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. पहिल्या विषयावर खूण होती. दुसऱ्यावर होती. तिसऱ्यावर नव्हती. तिसरा विषय होता ब्रुक हाउस.

"चहाच्या खोलीत बसून," मिस प्राउज म्हणाल्या, "दोन विषय संपले हे बाईंना कसं कळलं?"

 मी खाली बसलो.

३

"वही बघायची म्हणजे स्वेनला विचारावं लागेल," मिस प्राउज म्हणाल्या. "तो नाही म्हणू शकत नाही. हजेरीवही कुठल्याही मतदाराला बघता येते. तुम्ही मतदार आहात ना?"

स्वेननं वही आणून दिली पण तो तिथून हलला नाही. जाड पुठ्ठ्याची वही. सुटी पानं भोकं पाडून दोरीनं ओवलेली. चौदा नोव्हेंबरच्या पानावर तीन सह्या होत्या. डी. ऑर्मरॉड, पी. हॅलम, एल. स्पार्क.

"सदस्य पाच आहेत ना?" मिस प्राउजनी विचारलं.

"पाच. तीन आले की गणपूर्ती होते," स्वेन म्हणाला. "तिघं आले, मी सभा सुरू केली."

"आणि दोनच आले असते तर?"

"तर सगळ्यांना घरी पाठवलं असतं. तीस वर्षं हेच करतोय, बाई. गणपूर्तीशिवाय मी प्रार्थनासुद्धा सुरू करू देत नाही."

"म्हणूनच विचारलं."

स्वेनची मान लाल झाली. मी त्याला चांगला ओळखत होतो. हिवाळ्यात त्याच्या गल्लीत बर्फावर मीठ टाकणारी आमची मीठगाडी उशिरा आली की तो मला फोन करायचा, आणि फोनवरसुद्धा आधी तारीख सांगायचा.

"स्वेन," मी म्हणालो, "ती आत आली होती का?"

"वहीत जे आहे ते आहे, हॅरी," तो म्हणाला. त्यानं वही उचलली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरली.

तो गेल्यावर मिस प्राउज म्हणाल्या, "त्यानं नाही म्हटलं नाही, लक्षात आलं का?"

४

मिसेस ऑर्मरॉडनी आम्हाला आपल्या खोलीत बसवलं. मला वाटलं होतं त्या चिडतील. त्या चिडल्या नाहीत.

"तुमचं दुःख मला समजतं, मिस्टर टेबट. ब्रुक हाउस बंद करताना मला आनंद झाला असं समजू नका. छत गळतं, जिने अरुंद आहेत. तीन घरं धड चालत नाहीत, मग दोन तरी नीट चालवावीत."

"ते मला कळत नाही," मी म्हणालो. "मला फक्त एनिडचं विचारायचंय. ती कुठे बसली होती?"

"चहाच्या खोलीत. दहाला येऊन बसली ती. दहा चाळीसला शिपायाला कॉरिडॉरमध्ये पडलेली सापडली."

दहा चाळीस बरोबर होतं. शिपाई धावत गाडीपाशी आला तेव्हा मी डब्यातलं सँडविच उघडत होतो. अकराला आम्ही इस्पितळात होतो.

"चाळीस मिनिटं एकटीच बसली होती?" मिस प्राउजनी विचारलं.

"आम्हाला काय माहीत, आम्ही सभेत होतो. बिचारी."

बाहेर आल्यावर मिस प्राउज उजवीकडे वळायच्या त्या डावीकडे वळल्या. चहाच्या खोलीत डोरा पिनॉक कपबशा विसळत होती.

"डोराबाई, सकाळी दहाला इथे बसता येतं का हो?"

"इथे?" डोरा हसली. तिच्या गळ्यात दोरीला किल्ली होती, ती तिनं वर करून दाखवली. "अकराच्या आधी इथे खुद्द अध्यक्ष आले तरी दार उघडत नाही मी. एकदा उघडलं होतं, तर सगळी बिस्किटं फस्त. सगळेच हावरट, नुसते गळ्यात टाय बांधलेले."

"चौदा नोव्हेंबरला? मिसेस टेबट पडल्या त्या दिवशी?"

डोरानं हात पुसले. "त्या दिवशी अकराला मीच कुलूप काढलं. आत कोण असणार? उंदीर?" मग तिनं मला ओळखलं आणि तिचा आवाज खाली आला. "मिस्टर टेबट, कोण म्हणतं त्या इथे बसल्या होत्या?"

 जानेवारीत मिसेस ऑर्मरॉड माझ्या बायकोसमोर वाकून, आपल्या आईचा दाखला देऊन, खोटं बोलल्या होत्या. आणि मी शेजारी उभा राहून "चल, घरी जाऊ" म्हणालो होतो.

५

प्रत्येक सभेचं इतिवृत्त छापलं की त्याची एक प्रत तळघरात येते. मिस प्राउजनी चौदा नोव्हेंबरची प्रत काढली आणि मला मोठ्यानं वाचायला सांगितलं.

"माझं वाचन बेताचं आहे."

"म्हणूनच. जो पटपट वाचतो त्याला काही दिसत नाही."

पहिला विषय, मागील इतिवृत्त कायम. दुसरा विषय, वृद्धगृहांसाठी वाहतूक. मी बोट ठेवून वाचत होतो. "पाउंड हिलवर चॅपलच्या पुढे मीठगाडी जात नाही, तेव्हा बर्फाच्या दिवसांत नातेवाइकांनी अॅशकोम्बला कसे जावे, असे एका सदस्याने विचारले. अधिकाऱ्यांना माहिती नव्हती."

मी थांबलो.

"काय झालं?"

"हे माझं आहे."

"म्हणजे?"

"चॅपलच्या पुढे गाडी वळवायला जागाच नाही. मीठगाडी तिथूनच मागे फिरते. ते यादीत लिहिलेलं नाही. नकाशावर तो रस्ता मीठ टाकायच्या रस्त्यांतच दाखवतात. गाडी चालवणाऱ्यांनाच ठाऊक असतं ते. त्या सकाळी येताना गाडीत मी एनिडला सांगितलं होतं. ती म्हणाली, थांब, हे विचारते मी त्यांना."

 मिस प्राउजनी कानामागची पेन्सिल काढली आणि त्या ती हातात धरून बसल्या.

तिनं विचारलं होतं. तिचं वाक्य तीन महिने या तळघरात छापून पडलं होतं. आणि मी तिच्या उशाशी बसून तिला "हो, हो" म्हणत होतो.

"पुढे वाचा," मिस प्राउज म्हणाल्या.

"तिसरा विषय. ब्रुक हाउस बंद करण्याची शिफारस करावी. संमत."

"एवढंच?"

"एवढंच."

"लायनेल स्पार्क ब्रुक हाउसच्या बाजूनं होता ना?"

"म्हणजे काय! पत्रकं वाटली त्यानं. एनिडच्या बरोबरीनं."

"या काउंटीत तो कशासाठी प्रसिद्ध आहे, मिस्टर टेबट?"

ते सगळ्यांनाच माहीत होतं. लायनेल हरला की उभा राहून म्हणायचा, माझा विरोध नोंदवा. सदस्यानं मागणी केली की कारकुनाला ते लिहावंच लागतं. पुतळ्याच्या रंगावरून सुद्धा त्यानं विरोध नोंदवला होता. पोरं रस्त्यात त्याला तसं ओरडून चिडवायची.

"अकरा वर्षांची इतिवृत्तं आहेत इथे," मिस प्राउज म्हणाल्या. "तो हरलेला एकही विषय त्याच्या विरोधाशिवाय नाही. फक्त हा एक. म्हणजे एक तर त्या सकाळी त्यानं ब्रुक हाउसला दगा दिला, किंवा तो तिथे नव्हताच."

"मग कुठे होता?"

त्या उठल्या आणि शेवटच्या कपाटाकडे गेल्या. त्या कपाटावर धूळ होती.

६

आमच्याकडे रस्ते, शाळा, वृद्धांची घरं हे काउंटी बघते. कचरा, आणि घराला खोली वाढवायची परवानगी, हे खालचं डिस्ट्रिक्ट कौन्सिल बघतं. लोकांना हे कधीच कळत नाही. मी भर थंडीत मीठ टाकत असताना निम्मा गाव मला कचऱ्याच्या डब्यावरून शिव्या द्यायचा. काउंटी हॉलमधल्या लोकांना मात्र नेमकं कळतं, आणि म्हणून ते डिस्ट्रिक्टकडे ढुंकूनही बघत नाहीत. डिस्ट्रिक्टवाल्यांना ते "डबेवाले" म्हणतात.

लायनेल दोन्हीकडे निवडून आलेला होता. असे बरेच असतात.

"डिस्ट्रिक्टची इतिवृत्तंही माझ्याकडे येतात," मिस प्राउज म्हणाल्या. "वरच्या मजल्यावरच्या कुणी आजवर मागितली नाहीत. स्वेनला तर त्यांचा रंगसुद्धा माहीत नसेल. हिरवी असतात."

त्यांनी एक हिरवी चोपडी माझ्यापुढे ठेवली. लोअर मार्श डिस्ट्रिक्ट, बांधकाम समिती, १४ नोव्हेंबर, सकाळी दहा. जागा विकमियर टाउन हॉल. विकमियर काउंटी हॉलपासून बारा मैलांवर आहे.

हजर सदस्यांत लायनेलचं नाव होतं. पाचव्या विषयात मासे तळून विकणाऱ्या दुकानाला मागे खोली वाढवायची परवानगी दिली होती. त्याखाली लिहिलं होतं, "मिस्टर एल. स्पार्क यांनी आपला विरोध नोंदवण्यास सांगितले. १०.५०."

"आता नीट बघा," मिस प्राउज म्हणाल्या. "सभा सुरू झाली. गणपूर्तीशिवाय स्वेन सुरू करत नाही, हे त्यानंच सांगितलं. म्हणजे सुरुवातीला तिघं होते. ऑर्मरॉड, हॅलम आणि तिसरं कोण? स्पार्क विकमियरला माशांवर भांडत होता. तुमचं वाक्य बोलणारं माणूस त्या खोलीत एकच असू शकतं."

"एनिड."

"दहा चाळीसला त्या बाहेर गेल्या. आत उरले दोन. गणपूर्ती मोडली. तिथेच सभा थांबायला हवी होती. पण ब्रुक हाउसचा विषय समोर होता, आणि शिफारस डिसेंबरमध्ये वरच्या समितीत गेली नाही तर जानेवारीच्या सभेत ठराव येणार नव्हता. दोघांनी तो संमत करून टाकला."

"मग एनिड शेवटपर्यंत होती, असंच का नाही लिहिलं?"

"कसं लिहिणार? सगळ्या इमारतीनं शिपायाला त्यांना उचलून नेताना पाहिलं. अकराला त्या इस्पितळात होत्या. म्हणून त्यांचं नावच काढायचं, आणि तिसरं नाव दुसऱ्या कुणाचं तरी घालायचं. दोरी सोडली, पान काढलं, नवीन ओवलं."

"म्हणजे तिची जागा घालवायला नाही केलं हे?"

"नाही. तेव्हा सहा महिन्यांचा विचार कुणाच्या डोक्यातच नसेल. तिचं सदस्यत्व वाटेत आलं आणि चिरडलं गेलं."

हे मला जास्त लागलं. कुणी वैर धरून केलं असतं तर बरं झालं असतं. यांनी एक पान नीटनेटकं केलं होतं, बस्स.

"पण सही खरी आहे," मी म्हणालो. "लायनेलची सही मी ओळखतो. ती त्याचीच आहे."

"हो," मिस प्राउज म्हणाल्या. "तेच त्याला विचारायचंय."

७

लायनेल शनिवारी दुपारी स्वतःच आला. त्याच्या बायकोनं सूप पाठवलं होतं, दर शनिवारी पाठवायची. मिस प्राउज स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या होत्या. टेबलावर हिरवी चोपडी होती.

लायनेलनं ती पाहिली आणि पातेलं हातात धरूनच उभा राहिला.

"ठेव ते," मी म्हणालो. "सांडेल."

"हॅरी, मला वाटलं..." तो खुर्चीत बसला. "नोव्हेंबरच्या शेवटी स्वेन कॉरिडॉरमध्ये भेटला. म्हणाला, साहेब, चौदा तारखेच्या पानावर तुमची सही राहिलीय. आम्ही सगळेच नंतर सह्या करतो रे. कुणी घाईत असतं, कुणी विसरतं. त्याआधीच्या दोन सभा मी चुकवल्या होत्या. पक्षात बोलायला लागले होते की मी येत नाही. मला वाटलं, स्वेन मला सांभाळून घेतोय. मी सही केली. वाचलंसुद्धा नाही."

"त्या दिवशी तुम्ही विकमियरला होतात, हे आठवलं नाही?" मिस प्राउजनी विचारलं.

"आठवलं. म्हणून तर चटकन केली."

"आणि दारात?" मी विचारलं. "तेवीस जानेवारीला?"

त्यानं पातेल्याचं झाकण सरळ केलं.

"लायनेल, दारात तुला कळलं का नाही?"

"कळलं," तो म्हणाला. "एनिड चौदा नोव्हेंबर म्हणाली आणि मला कळलं की मी कुणाच्या जागी सही केलीय. वाटलं, आत्ता बोललो तर खोट्या सहीपायी माझीच जागा जाईल. वाटलं, आत जाऊन निदान माझं एक मत तरी टाकतो ब्रुक हाउससाठी. मी टाकलं, हॅरी. मी विरोधातच टाकलं. माझा विरोध..."

"गप्प बस," मी म्हणालो.

त्यानं तोंड झाकून घेतलं. दफनाच्या दिवशी शवपेटीचा एक कोपरा त्याच्या खांद्यावर होता. माझ्या पुढचाच. तिथेही तो असाच रडला होता, आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता.

"वीस मार्चला सभा आहे," मिस प्राउज म्हणाल्या. "हे दोन कागद मी कौन्सिलच्या वकिलाला देणारच आहे. पण कागदावर महिनाभर वाद घालता येतो. एकतीस तारखेला ब्रुक हाउस रिकामं होईल आणि मग वाद जिंकूनही उपयोग नाही. सदस्यानं उभं राहून सांगितलं, तर त्याच दिवशी थांबतं."

लायनेलनं माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलावं असं त्याला वाटत असावं.

"सूप घेऊन जा," मी म्हणालो.

८

वीस मार्चला मी प्रेक्षकांच्या सज्जात बसलो. तिथे बसणाऱ्याला बोलता येत नाही. तोंड उघडलं तर शिपाई बाहेर काढतो.

लायनेल पहिल्याच विषयाला उभा राहिला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "नोंदवा विरोध!" आणि हशा झाला. मग तो बोलायला लागला आणि हशा थांबला. सही कधी केली, स्वतः कुठे होता, दारात काय केलं, सगळं त्यानं सांगितलं. कुठेही आवाज चढवला नाही. बोलून झाल्यावर तो बसला नाही. चालत दारातून बाहेर गेला.

मिसेस ऑर्मरॉड कागदाकडे पाहत बसल्या होत्या. अध्यक्षांनी स्वेनला विचारलं, "हे खरं आहे का?" मला वाटलं तो म्हणेल, वहीत जे आहे ते आहे.

स्वेन म्हणाला, "होय, साहेब. मूळ पान माझ्याकडे आहे. मला फाडवलं नाही."

त्यानं आपल्या फायलीतून ते काढलं. कारकून असा की खोटं केलं, तरी खरं जपून ठेवलं. पान हातोहात अध्यक्षांकडे गेलं. कौन्सिलचे वकील त्यांच्या कानाशी पाच मिनिटं बोलले. मग अध्यक्षांनी वाचून दाखवलं की चौदा नोव्हेंबरची शिफारस झालीच नव्हती, म्हणून तिच्यावर उभा असलेला ठरावही मागे घेतला जात आहे. ब्रुक हाउसचा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागेल. आणि हजर सदस्यांच्या नावांत दुरुस्ती होईल.

"मिसेस ई. टेबट," त्यांनी वाचलं. "दहा वाजून चाळीस मिनिटांपर्यंत."

खाली लोक उभे राहत होते. मी बसूनच होतो. शिपायानं येऊन विचारलं, "बरं वाटत नाही का, मिस्टर टेबट?" नोव्हेंबरात धावत आलेला तोच. मी त्याला म्हणालो, काही नाही, जरा बसतो.

तिथून मी ब्रुक हाउसला गेलो. बातमी माझ्या आधी पोचली होती. बायका कॉरिडॉरमध्ये मोठ्यानं बोलत होत्या. जेसी खिडकीपाशी बसला होता आणि पेटी पलंगाखाली गेली होती.

"किती दिवस?" त्यानं विचारलं.

"वर्षभर तरी. पुन्हा पहिल्यापासून करायला लागेल त्यांना."

"वर्ष पुष्कळ झालं मला." त्यानं डॉमिनोचा डबा ओढला, पण उघडला नाही. "म्हणजे एनिड खरं सांगत होती तर."

"हो."

"तुला माहीत होतं?"

त्याच्या हाताखाली बारा वर्षं काम केलं होतं मी. त्याला खोटं सांगायची सवय मला नव्हती.

"नाही," मी म्हणालो. "माझा विश्वास बसला नव्हता."

 जेसीनं डबा बाजूला ठेवला आणि आपली खुर्ची माझ्या खुर्चीला चिकटेपर्यंत सरकवली.